उरलेले 75 कोणासाठी?

हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेचं मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून कापलं जातं. फिरायला जायला सेकंड हँड ट्रॅव्हलर व्हॅन घेतली, आत पलंग, पंखा, 12 व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज, इन्व्हर्टर आणि सियागंज बाजारातून आणलेली 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी. इंदूरच्या रामबागेत आमच्या गल्लीत ती उभी कुठे करायची हा वेगळाच विषय आहे, तो जाऊ द्या.

पहिली ट्रिप मांडू. दुपारपासून फ्रिज चालू, पंखा चालू, सगळ्यांचे फोन चार्जिंगला आणि वरून बायकोने चहासाठी इंडक्शन लावलं. आता 1200 वॉटचं इंडक्शन घरी 230 व्होल्टवर पाच-सव्वापाच अँपिअर खातं पण तेच 12 व्होल्टच्या बॅटरीतून ओढायचं तर 100 अँपिअर, शिवाय इन्व्हर्टरची दलाली वेगळी! चहाला उकळी येईना आणि इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. मी हुशार, बझरचीच वायर काढली.

सकाळी फ्रिज गार पडलेला, म्हणजे बंद पडलेला, आतलं श्रीखंड कोमट, आणि गाडी पण स्टार्ट होईना कारण फिटरने इंजिनची बॅटरी अन् मागची पंखा-फ्रिजची बॅटरी मध्ये आयसोलेटर (दोघींना वेगळं ठेवणारा स्विच) न लावता सरळ जोडून टाकलेली. म्हणजे रात्रभर फ्रिजने दोघींना प्यायलं.

बाबा आयुष्यभर मिलच्या हिशेबखात्यात होते. गाडीला धक्का मारता मारता म्हणाले, "150ची घेतलीस ना?"

"हो, पण लेड-अ‍ॅसिडची अर्धीच वापरायची असते, 12.1 व्होल्टच्या आसपास आली की थांबायचं, नाहीतर प्लेटांवर सल्फेट जमतं."

"मग उरलेले 75 कोणासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाहीये.

इंदूरला आल्यावर मेकॅनिकने झाकणं उघडली, मी पाणी कुठलं घालतो विचारलं, मी सांगितलं नळाचं, म्हणजे नर्मदेचं. तो हात जोडून म्हणाला, "भिया, नर्मदा मैया का पानी पीने का है, बैटरी में डिस्टिल्ड ही डलेगा." टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी काढायला आईचा खमणाचा सोडा कोमट पाण्यात कालवून नेला, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. त्या रविवारचं खमण फुगलंच नाही, त्याचं खापरही बॅटरीवर.

आता आयसोलेटर बसलाय, चहा गॅसवर होतो आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बाबांनी ताब्यात घेतलाय. रोज सकाळी पोह्यांच्या आधी, पहिलं स्वतःचं बीपी, मग खाली जाऊन बॅटरीचं, आणि जिन्यातूनच ओरडतात, "माझं 130 बाय 80, तुझी 12.6, आज कोणी इंडक्शनला हात लावू नका!"