मज्जातंतू म्हणजे घरातलं वायरिंग नव्हे

‘मज्जातंतू म्हणजे शरीराचं वायरिंग. मेंदूची वीज त्यातून प्रकाशाच्या वेगाने धावते. दुखणं जास्त, म्हणजे करंट जास्त. करंट कमी पडला की हातपाय बधिर होतात, म्हणून तांब्याचं कडं घाला.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. यात विजेचा संबंध आहे, एवढंच खरं.

आधी वेग. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला, तो भरला सेकंदाला जेमतेम ३० मीटर. माणसाचे सर्वांत चपळ तंतू १२० मीटरपर्यंत जातात. जळजळ नेणारे बारीक तंतू मात्र १ मीटरच्या आसपास रेंगाळतात. पलंगाच्या पायावर करंगळी आपटली की आधी चुणचुणीत कळ येते आणि अंमळ उशिराने तो खरा ठणका. मधली फट ही कळ आणि ठणका नेणाऱ्या तंतूंच्या वेगांतली तफावत.

आता वायरिंग. तारेत एका टोकाला दिलेला करंट दुसऱ्या टोकापर्यंत वाहतो. तंतूत तसा सोडला तर काही मिलिमीटरांतच विरून जाईल. तंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की तंतूच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत. हा खेळ साधारण एका मिलिसेकंदाचा; पण तेवढ्यात शेजारची दारं उघडलेली असतात. लवंगी माळेसारखंच: प्रत्येक फटाका स्वतःच्या दारूवर वाजतो, म्हणून शेवटचा आवाजही पहिल्याइतकाच. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माखलीच्या जातीतल्या स्क्विडच्या, अर्धा मिलिमीटर जाड तंतूत तार घालून हे मोजलं, १९५२ मध्ये त्याची समीकरणं मांडली. १९६३ मध्ये नोबेल.

‘जास्त दुखणं, जास्त करंट’ हेही चूक. एका तंतूतून जाणाऱ्या संदेशाचा प्रत्येक ठोका जवळपास सारख्याच उंचीचा असतो. दुखणं वाढलं की ठोके मोठे होत नाहीत, घाईने येतात.

राहिलं कडं. हौसेने घाला, शोभतं. पण सोडियमच्या दारांना त्याचा पत्ताही लागत नाही. बधिरपणामागे बहुधा मधुमेह, बी-१२ ची कमतरता किंवा मनगटात दबलेली नस असते. साखर आणि बी-१२ तपासून घ्या. डॉक्टर एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतला वेग मोजणारी तपासणी, करायला सांगतील. ती नॉर्मल आली तरी तक्रार खोटी ठरत नाही, कारण ती तपासणी जाड तंतूंचीच असते, बारीक तंतू तिच्यात दिसत नाहीत.