कशाला हवंय तुम्हाला?

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी एका गृहस्थांनी लिहिलं, "आरटीआय टाकणारे सगळे खंडणीबहाद्दर." खाली धडाधड अंगठे. त्यात एक अंगठा अशा माणसाचा, ज्याच्या गाडीचा बंपर आमच्याच गल्लीतल्या चरात आपटून फुटला! तिथे उत्तर दिलं तर अॅडमिन उडवेल, म्हणून इथे लिहितेय.

गल्ली काँक्रीटची झाली, नारळ फुटला, फ्लेक्स लागले. मग केबलवाल्यांनी मधोमध चर खणला. मला एवढंच बघायचं होतं की खोदाईची परवानगी कोणी दिली, रस्ता पूर्ववत करायचे पैसे किती भरून घेतले आणि मूळ ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता बिघडला तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो. वॉर्ड ऑफिसात पहिला प्रश्न, "कशाला हवंय तुम्हाला?" दुसरा, "कुठल्या पक्षाच्या तुम्ही?"

अहो, कर भरणाऱ्या पक्षाची!

माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) म्हणतं की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. कलम ४ तर सांगतं की अंदाजपत्रक, झालेला खर्च, दिलेले परवाने हे सगळं कोणी न मागता जाहीर करा. कायदा २००५ चा. आमच्या महापालिकेच्या वेबसाइटवर उद्घाटनांचे फोटो मात्र ताजे असतात.

तर मी रीतसर अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्याच संध्याकाळी ठेकेदाराकडून ह्यांना फोन. "वहिनींना काही अडचण आहे का? बसून मिटवू की." अर्ज माझा, सही माझी, फोन नवऱ्याला! आणि मला उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस, पण माझा अर्ज ठेकेदाराकडे पोचायला एक दुपार पुरली. म्हणजे माहिती भराभर देता येते तर. फक्त कोणाला, एवढाच प्रश्न.

हो, आरटीआयच्या नावावर पैसे उकळणारे आहेत. मान्य. पण ते विकतात काय? बंद फाइल. वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिलं, परवानग्या उद्या वेबसाइटवर टाका, कोण कोणाला धमकावणार? ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना मला हेच विचारायचंय. फ्लॅट घेताना ह्याच माणसाने महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर बिल्डरचे मंजूर नकाशे आणि बांधकाम परवानगी रात्री जागून बघितली होती. तेव्हा ती खंडणी नव्हती! २०१७ पासून बिल्डरला जे उघड करावं लागतं, ते महापालिकेला का जड जावं?

आणि तळेगावचे सतीश शेट्टी? माहिती अधिकार वापरून जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. त्यांनाही खंडणीबहाद्दर म्हटलं तर अंगठा देणार का?

ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे ना." तेव्हा मी खूप चिडले. आता लिहिताना तेवढी चीड उरलेली नाही. घरात मुलं आहेत, भीती वाटणारच. त्या ऑफिसातल्या ताईंवरही राग नाही. गठ्ठ्यांत बुडालेल्या, दोन टेबलांचं काम एकटीवर. हळूच म्हणाल्या, "मॅडम, फाइल इथे नसतेच हो, साहेबांच्या गाडीत असते."

शहराचा हिशोब साहेबांच्या डिकीत!

त्यात डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) छाटलं, वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणालाही नाकारायची नाही, असं त्यात होतं. ते गेलं. आता ठेकेदाराचं नावसुद्धा 'वैयक्तिक माहिती' म्हणून झाकायला कोणी निघालं, तर मला नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊकच नाही. पुण्यात महेश झगडे महापालिका आयुक्त असताना सोमवारी दुपारी अर्जाशिवाय फाइल बघू देण्याची पद्धत सुरू झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून ती महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना लागू केली. दर सोमवारी, ३ ते ५.

येत्या सोमवारी मी त्या शासन निर्णयाची प्रत घेऊन जाणार आहे. कोणी सोबत येत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि खाली "ताई, तुम्ही निवडणूक लढवा" असं कृपया लिहू नका. मला फक्त तो परवाना बघायचाय.