रिकॅल्सिट्रंटमध्ये कॅल्शियम नाही, टाच आहे

'रोज एक इंग्रजी शब्द' छापाचा एक फॉरवर्ड सध्या गटागटांतून फिरतोय. 'रिकॅल्सिट्रंट' हा शब्द कॅल्शियमवरून आला, म्हणून अर्थ दगडासारखा, न हलणारा, मराठीत अडेलतट्टू, 'हट्टी' म्हणण्याची ही सभ्य रीत, आणि तो माणसांपुरताच वापरतात, असं त्यात म्हटलंय. चारही चूक. पण पहिली चूक कुणाकडूनही व्हावी अशी आहे, म्हणून तिला थोडा जास्त वेळ.

लॅटिनमध्ये 'काल्क्स' नावाचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ चुना. हम्फ्री डेव्हीने 1808 मध्ये चुन्यातून धातू वेगळा केला आणि त्याला कॅल्शियम म्हटलं, ते या शब्दावरून. दुसऱ्या काल्क्सचा अर्थ टाच. दिव्याची वात आणि वात-पित्त-कफातला वात यांचं जेवढं नातं, तेवढंच या दोघांचं. आपला शब्द टाचेच्या घरातला. 'रिकॅल्सित्रारे' म्हणजे टाचा मागे झाडणं, लाथ मारणं. इ.स.पू. 30 च्या सुमारास रोमन कवी होरेसने हे क्रियापद थेट सीझरला, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसला लावलं: भलतंच थोपटलंत तर हा घोडा लाथ मारेल! पुढे फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात रुळला.

टाच कळली की 'अडेलतट्टू'ही बाद होतो. तट्टू अडतं म्हणजे जागचं हलत नाही, एवढंच. रिकॅल्सिट्रंट जनावर धन्यावर उलटतं. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: दुगाण्या झाडणे. तो घरात असताना तट्टू कशाला बांधायचं?

सभ्य रीत? 1993 मध्ये अमेरिकेत सिएटलला एपेकच्या, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक सहकार्य गटाच्या नेत्यांची बैठक झाली, तिला मलेशियाचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद गेले नाहीत. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी बोलताना त्यांची गणना रिकॅल्सिट्रंटांत केली. मलेशिया खवळला, व्यापारसंबंध तोडायची भाषा झाली आणि शेवटी कीटिंगना खेद व्यक्त करावा लागला. एका विशेषणापायी.

राहिला माणसांपुरता वापर. वनस्पतिशास्त्रात 1973 पासून बियांचा एक वर्गच या नावाने ओळखला जातो. गहू-ज्वारीसारखं बी वाळवून थंडीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. रिकॅल्सिट्रंट बी वाळवलं की मरतं. फणसाची आठळी त्यातली, आंब्याची कोयही. कोयकलमं करणारे कोय ताजी असतानाच रुजत घालतात, ते उगाच नाही. बीजपेढीलाही या बिया डब्यात बंद करून ठेवता येत नाहीत; जात राखायची तर बहुतेकदा झाडंच लावून जगवावी लागतात.