नाव कोरलेल्या पेनाबद्दलच्या तुमच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी सॉरी. बॉक्स उघडल्यावर भाचीचा चेहरा पडला असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मलाही कसंतरीच झालं. शाळा एकदाच संपते, तो दिवस परत आणता येत नाही, मान्य आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की "नाव चुकीचं कोरलं, पेन चालत नाही, घड्याळ बघायला गेलो तर पेन गळ्यात मारलं आणि वर आम्हालाच ऐकवलं". हे सगळं आता कोणीही वाचणार म्हणून मलाही इथेच लिहावं लागतंय, नाहीतर फोनवरच बोललो असतो.

शनिवारी तुम्ही आलात तेव्हा पावणेआठ झाले होते, आम्ही आठला बंद करतो, आणि गिफ्ट तुम्हाला रविवारी सकाळी दहाच्या आत हवं होतं. तरी नाही म्हटलं नाही. मी तुम्हाला विचारलं भाची पुढे काय शिकणार, राहणार कुठे, रिकाम्या वेळात काय करते. हे मी सगळ्यांनाच विचारतो, काहींना वाटतं हा माणूस नसत्या चौकश्या करतोय, पण शाळा संपलेल्या मुलांचं गिफ्ट तिथेच फसतं हो, आपण त्यांचं वय बघतो आणि आपल्याला आवडेल ते उचलतो. होस्टेलच्या अर्ध्या खोलीत एवढी मोठी फोटोफ्रेम ती ठेवणार कुठे? लॅपटॉपची बॅग तुम्हाला आवडली होती, पण लॅपटॉप 14 इंची की 15.6 हे तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून मीच नको म्हटलं, आणि ती बॅग पेनापेक्षा महाग होती हे तुम्हालाही आठवत असेल. घड्याळाचं म्हणाल तर तिच्या मनगटावर ऑलरेडी स्मार्टवॉच आहे हे तुम्हीच सांगितलंत. मग निघता निघता बोललात की ती रोज रात्री डायरी लिहिते, तेव्हा मी शाईचं पेन काढलं. आता याला गळ्यात मारणं म्हणायचं असेल तर म्हणा.

आता नावाचं. हे मात्र मला खरंच लागलंय. व्हॉट्सअॅपवर तुम्ही जे नाव पाठवलंत त्यात शेवटी दुसरी वेलांटी आहे, मेसेज अजून माझ्याकडे आहे. मी ते जसंच्या तसं घेतलं, कोरायच्या आधी स्क्रीनचा फोटो तुम्हाला पाठवला आणि खाली लिहिलं, "काना मात्रा वेलांटी नीट बघून घ्या, नंतर बदलता येत नाही." 8 वाजून 4 मिनिटांनी तुमचा अंगठा आला. पूर्वी अंगठा म्हणजे सहीच धरायचे, मी पण तेच धरलं. मला शंका यायचंही काही कारण नव्हतं कारण मराठीत शब्दाच्या शेवटी इकार आला की तो सहसा दीर्घच लिहितात, कवी लिहितो तसं. पण भाची स्वतःच्या नावाला पहिली वेलांटी देते, तिच्या सगळ्या कागदपत्रांवर तसंच आहे, हे मला रविवारी दुपारी तुमच्या फोनवर कळलं. बरोबर आहे तिचं, नियम काही म्हणो, ज्याचं नाव त्याला ते जसं लिहायचं तसं. पण ताई मला ते कसं कळणार होतं? लेसरने वरचा रंग जळून आतलं पितळ दिसतं, तेच अक्षर, त्याला खोडरबर नाही.

ऐकवलं म्हणाल तर हो, "अंगठा तुमचाच आहे" असं मी म्हणालो आणि आवाज चढला, समोर पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती, एकटाच होतो, तरी तसं बोलायला नको होतं. त्याचं सॉरी वेगळं.

पेन चालत नाही हे मात्र मला पटत नाही, तुमच्यासमोर निब बुडवून लिहून दाखवलं होतं, नंतर धुऊन पुसून ठेवलं. शाईची कार्ट्रिज आम्ही मुद्दाम वेगळी देतो, भरून दिलं आणि पेन तसंच पडून राहिलं तर शाई निबमध्ये सुकते. कार्ट्रिज टक आवाज येईपर्यंत दाबायची, मग निब खाली करून चार-पाच मिनिटं ठेवायचं, आणि बॉलपेनसारखं उभं धरून जोर द्यायचा नाही, तिरकं धरलं की आपोआप चालतं. हे सगळं एका कार्डावर छापलेलं आहे, पण ते कार्ड आमच्या बॉक्समध्ये मखमलीच्या खाली जातं आणि कोणाला दिसत नाही, ही आमची चूक, आता ते वर कुठेतरी ठेवायचं बघतो. वेलांटीचंही यापुढे फोन करून विचारत जाऊ, गर्दी नसेल तेव्हा तरी.

रिझल्टच्या या दोन-तीन आठवड्यांवर आमचे पुढचे कितीतरी महिने निघतात. तुमचा रिव्ह्यू आता सगळ्यात वर दिसतो आणि कालच एकीने तो वाचून ऑर्डर कॅन्सल केली. तुम्ही रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही, तुमचा हक्क आहे, फक्त अंगठ्याचं तेवढं त्यात लिहा.

नाव टोपणावर आहे, त्यामुळे पूर्ण पेन बदलायची गरज नाही, नवीन टोपण मी माझ्या खर्चाने मागवलंय, चार दिवसांत येईल. पेन घेऊन या, कोरून लगेच देतो, निबही बघतो. येताना फक्त भाचीकडून तिचं नाव तिच्याच हाताने कागदावर लिहून आणा.