हात तिथेच ठेव

मी मार्शल आर्ट्स शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्या बॅचला एक नवीन मुलगी आली. पाक साओचं, म्हणजे येणाऱ्या ठोशाचा हात थाप मारून दाबायचं, ड्रिल चालू होतं. तिने ठोसा मारला आणि हात झटकन मागे घेतला. समोरच्या जुन्या विद्यार्थिनीची थाप हवेतच गेली. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अगं, हात तिथेच ठेव."

रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ठोसा मारला की हात परत हनुवटीपाशी, हे बॉक्सिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. ती ते आपणहून करत होती आणि मी तिला थांबवलं, फक्त माझं ड्रिल बिघडू नये म्हणून. बारा वर्षांपूर्वी माझ्या सरांनी मला हेच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि पुढची कित्येक वर्षं हात तिथेच ठेवत राहिले.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विंग चुन या चिनी युद्धकलेत आणि ब्रूस लीच्या जीत कुन दोमध्ये ट्रॅपिंग म्हणजे समोरच्याचा हात दाबून, अडकवून त्याच्या वरून मारणं. जोडीदार सरळ ठोसा मारतो, तुम्ही त्याच्या हातावर थाप मारून तो दाबता आणि दुसऱ्या हाताने ठोसा लावता. ही पाक साओ. त्याने मागचा हात आडवा आणला की तो धरून खाली खेचायचा, ही लाप साओ. पुन्हा ठोसा, पुन्हा अडवणं, पुन्हा दाबणं. काली या फिलिपिनो युद्धकलेतलं हुबुद हे ड्रिलही असंच, गोल फिरत राहणारं. हात बसले की लय लागते, आवाज छान येतो, आणि आपल्याला काहीतरी जबरदस्त यायला लागलंय असं मनापासून वाटतं.

ट्रॅपिंग खऱ्या लढतीत चालतं की ते खोटं, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. हातांच्या त्या हालचालींत खोटं काही नाही. खोटं आहे ते जोडीदाराचं थांबणं. ठोसा मारून तो हात हवेत ठेवून देतो, आणि आपण त्या ठेवलेल्या हातावर चार-चार टप्प्यांची इमारत बांधतो.

थोडा हिशेब करू. नुसतं डोळ्यांनी पाहून हलायलासुद्धा माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. काय करायचं ते निवडायचं असेल तर अजून वेळ जातो. पर्याय वाढले की प्रतिक्रिया मंदावते, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, तेवढ्यात लागून परतही गेलेला असतो. म्हणजे येणारा ठोसा बघून, तो हवेत पकडून, अडकवायचा हे गणितच बसत नाही.

पण ही झाली अर्धी बाजू. हाताला हात लागलेला असेल तर चित्र बदलतं, कारण स्पर्शाला शरीर डोळ्यांपेक्षा थोडं लवकर उत्तर देतं. ची साओ, म्हणजे हाताला हात लावून करायचा विंग चुनचा सराव, ज्यांनी मनापासून केली आहे त्यांना हे ठाऊक आहे. समोरच्याचा दाब कुठे वाढला, कोपर कधी उचललं, हे बघावं लागत नाही, कळतं. ते कौशल्य खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की तो स्पर्श आला कुठून? वर्गात आपण स्पर्शापासूनच सुरुवात करतो. विंग चुन करणारे दोघे हात पुढे धरून उभे राहतात, त्यामुळे हात एकमेकांना लागणारच. समोरचा माणूस हात हनुवटीशी ठेवून, पावलं मागेपुढे करत उभा असेल तर लागायला तिथे काहीच नसतं.

तलवारबाजीत हे फार स्पष्ट दिसतं. समोरच्याने पातं पुढे ताणून धरलं असेल तर आपल्या पात्याने ते ताब्यात घेऊन आत शिरता येतं. त्याने पातं मागे ठेवलं तर घेणार काय? ब्रूस ली तलवारबाजीचा आणि बॉक्सिंगचा कसून अभ्यास करत होता. १९६७ मध्ये त्याने आपल्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं. त्यात हल्ल्याचे पाच मार्ग आहेत, आणि हात अडकवून मारणं हा त्यातला फक्त एक. आधी सरळ मारायचं, वाटेत हात आडवा आला तर तो बाजूला करायचा. आपण मात्र तो एक मार्ग उचलून त्याचाच अख्खा अभ्यासक्रम केला.

आणि खऱ्या लढतीत ट्रॅपिंग दिसत नाही असंही नाही. बॉक्सर जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, पुन्हा हेवीवेट विजेता झाला. त्याच्या लढती बघा. हात पुढे करून समोरच्याचे ग्लोव्हज दाबायचे, ढकलायचे, वाट मोकळी झाली की मारायचं. मुए थाय या थायलंडच्या बॉक्सिंगमध्ये क्लिंच, म्हणजे एकमेकांना जवळून धरून लढणं, असतं; त्यात आतली जागा कोणाच्या हातांची यावरच सगळी झटापट असते. कुस्तीतलं मनगट धरणं, ज्युडोतली पकड मिळवण्याची ओढाताण, ही सगळी भावंडंच आहेत. फक्त तिथे एक पकड, एक क्षण आणि लगेच फटका किंवा फेक. चार टप्पे तिथे कोणी मोजत बसत नाही.

"ग्लोव्हजमुळे जमत नाही, नियमांमुळे दिसत नाही," असं मीही म्हणायचे. पण मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे ग्लोव्हज छोटे असतात, बोटं मोकळी असतात, मनगट धरायला बंदी नाही. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे या खेळाच्या मोठ्या स्पर्धेत, तर नियम जवळजवळ नव्हतेच. तेव्हापासून इतक्या लढती झाल्या. लांबलचक साखळ्या दिसल्या नाहीत, क्लिंचमधलं हातांचं राज्य मात्र रोज दिसतं.

ट्रॅपिंगच्या बाजूचा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो: ड्रिल म्हणजे बाराखडी. मान्य. ज्युडोत उचिकोमी करताना जोडीदार उभाच असतो, फेकीची नुसती सुरुवात शंभरदा घोटली जाते. त्याला कोणी खोटं म्हणत नाही, कारण त्यानंतर रांदोरी होते. तिथे तोच जोडीदार तुम्हाला ती फेक मारू देत नाही. ज्युडोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली, आणि त्यांच्या पद्धतीत काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली, आणि रांदोरी दोन्ही आहेत. आमच्याकडे बाराखडी घोटायची आणि मग घरी जायचं. पुढच्या तासाला परत बाराखडी, जरा जास्त वेगात.

मला याचं इतकं का लागतं? माझ्या बॅचमध्ये बहुतेक मुली आहेत. तुमच्यापेक्षा वजनदार माणसाला हे तंत्र आवरेल, या भरवशावर त्या येतात. खरोखर वेळ आली आणि समोरच्याने हात तिथे ठेवला नाही, तर तो भरवसा माझ्याकडून मिळालेला असेल. ही जबाबदारी मला झोपू देत नाही.

म्हणून परवा आम्ही बदल केला. पहिली दोन मिनिटं ड्रिल नेहमीसारखं. मग जोडीदाराला एकच सूट, हात मागे घ्यायची. त्यानंतर दुसऱ्या हाताने मारायचीही. मग पाय मोकळे. शेवटी ग्लोव्हज घालून, एकीची पाठ भिंतीला. पाय मोकळे झाले तेव्हा बहुतेक साखळ्या पहिल्याच टप्प्यावर तुटल्या. भिंतीपाशी मात्र पाक साओ पुन्हा जिवंत झाली, कारण तिथे मागे जायला जागा नव्हती आणि डोकं वाचवायला वर आलेले हात खरंच समोर होते. मनगट धरून कोपर दाबणं तिथे तीनदा बसलं, कोणी मुद्दाम बसू दिलं नसताना.

नवीन मुलीलाही मी भिंतीशी उभं केलं. तिला म्हटलं, "हात हवा तेव्हा मागे घे." जुनीची थाप दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ती हाताच्या मागे न धावता एक पाऊल आत शिरली आणि हात परत जाताजाता छातीवर दाबला. दोघी क्षणभर तशाच थांबल्या. मग नवीन मुलगी म्हणाली, "आता माझी पाळी."