काका, पीएसएल ड्रॅगुनोव नाहीच, पण म्हणून ती भंगार ठरत नाही

काका, नमस्कार. तुमची कमेंट नीट वाचली, चार ओळीत उत्तर देण्यासारखी ती नाहीये म्हणून इथं सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, काका साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, युनिटमध्ये त्यांनी स्वतः ड्रॅगुनोव, म्हणजे सोव्हिएत बनावटीची लांब पल्ल्याची रायफल, चालवलीय आणि माझा रोमानियन पीएसएल रायफलवरचा लेख वाचून ते चिडलेत. त्यांचं म्हणणं असं, की पीएसएल म्हणजे लांब केलेली एके-४७, तिला ड्रॅगुनोवच्या पंगतीला बसवू नका. पाच गोळ्यांनंतर जिचा नेम भरकटतो ती कसली मार्क्समन (लांबचा नेमका मारा करणाऱ्याची) रायफल. त्यापेक्षा कितीतरी कमी पैशात चांगली बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं बोल्ट मागेपुढे करायची रायफल येते. खरी नेमबाजी बघायची तर आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळेची बघा. आणि रशियाचा माल बंद झाल्यावर काडतुसं आणणार कुठून? वर टेक्सासमध्ये नोकरीला असलेला त्यांचा पुतण्या माझा लेख वाचून ही रायफल घ्यायला निघालाय, तेव्हा पोरांना असले नाद लावू नका.

आधी पुतण्याचं, कारण ते अर्जंट आहे. त्याचा व्हिसा कोणता ते आजच फोन करून विचारा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, फेडरल कायद्यानं बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे, विकत घेणं तर लांबच. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे चालू शिकारीचं लायसन्स, पण त्याच्या भरवशावर वकिलाला न विचारता पाऊल टाकू नये. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात व्हिसाबद्दल सरळ प्रश्न असतो, तिथं खोटं लिहिलं तर तो गुन्हा आणि मग ग्रीन कार्डचं स्वप्न विसरायचं. ग्रीन कार्ड हातात असेल तर गोष्ट वेगळी, फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला की टेक्सासमध्ये घेता येते. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र काढावं लागतं, आणि कॅलिफोर्नियात तर निघणारं मॅगझिन आणि अंगठा आरपार जाणारा बट असं एकत्र असलं की सेमी-ऑटोमॅटिक रायफल बंदीच्या यादीत जाते, म्हणजे पीएसएल आहे त्या रूपात चालत नाही. हे सगळं मूळ लेखात नव्हतं कारण तो लेख रायफलवर होता, पण तुमच्या निमित्तानं लिहून झालं ते बरंच झालं.

आता रायफलकडे येऊ. तुम्ही म्हणता ती लांब केलेली एके आहे. आहेच की! मी लेखात तिला ड्रॅगुनोव म्हटलेलंच नाही, लोक लांबून बघून म्हणतात, कारण तो पोकळ बट आणि ती लांब सडपातळ नळी सारखीच दिसते. ड्रॅगुनोव १९६३ मध्ये सोव्हिएत फौजेनं घेतली, तिचा रिसीव्हर, म्हणजे हलते भाग धरणारा सांगाडा, अखंड पोलादातून कोरून काढलेला, गॅसनं ढकलला जाणारा पिस्टन छोटा आणि वेगळा, तो बोल्ट कॅरिअरला (बोल्ट मागेपुढे नेणाऱ्या भागाला) नुसता धक्का देऊन थांबतो. रोमानियानं १९६८ मध्ये सोव्हिएत गटाच्या प्रागवरच्या चढाईत फौज पाठवली नाही, त्यानंतर शक्यतो आपलं आपण बनवायचं असं त्यांचं धोरण होतं, आणि सत्तरच्या दशकात त्यांनी पीएसएल काढली ती हातात जे तयार होतं त्याच्यावरून. आरपीके मशीनगनसारखा पत्रा दाबून बनवलेला रिसीव्हर, रिव्हेट मारलेला, ७.६२×५४आर काडतूस बसावं म्हणून मोठा केलेला, आणि एकेसारखाच लांब पिस्टन जो कॅरिअरबरोबर शेवटपर्यंत मागे जातो. एवढं वजन पुढं-मागं धावतं म्हणून गोळी सुटल्यावर स्कोपमधलं चित्र जास्त हलतं, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर. मॅगझिनसुद्धा एकमेकांत बसत नाहीत, पीएसएलच्या मॅगझिनवर फुलीसारखा ठसा असतो तो बघितला की ओळखू येतं.

पण काका, ज्याला ड्रॅगुनोवच हवी त्यानं इथं काय करावं? रशियन टायगर नावाचा तिचा सिव्हिलियन अवतार थोडाच आला आणि नव्वदच्या दशकातच थांबला, चिनी नकलेचा रस्ता १९९४ च्या आयातबंदीनं बंद केला, त्यामुळं आज त्यातलं काहीही बाजारात दिसलं तरी किंमत कित्येक हजार डॉलर. पीएसएल पंधराएक वर्षांपूर्वी हजार डॉलरच्या आत मिळायची, आता महागली, तरी नोकरदार माणूस पैसे साठवून घेऊ शकेल अशा टप्प्यात आहे. म्हणून मी तिला परवडणारी म्हणतो, यात फसवणूक कुठं आली?

नेम भरकटतो, हो, नळी बारीक आहे. तीन-चार गोळ्या नीट जवळजवळ पडतात, मग नळी तापते आणि छेद सरकायला लागतात. साध्या सरप्लस (फौजांच्या साठ्यातल्या जुन्या) काडतुसानं शंभर यार्डांवर दोन-तीन इंचाचा ग्रुप, म्हणजे छेदांचा घोळका, आला तर रायफल ठीक आहे असं समजायचं. आता हिशोब करा, तीन इंच म्हणजे चारशे यार्डांवर बारा इंच, आणि माणसाची छाती साधारण अठरा इंच रुंद. ज्या कामासाठी तुकडीतल्या एका जवानाला ही देत होते, म्हणजे बाकीच्यांच्या एकेच्या पल्ल्याबाहेरचा माणूस एक-दोन नेमक्या गोळ्यांत टिपणं, त्या कामाला ती पुरते. बोल्ट ॲक्शन तिच्यापेक्षा अचूक असते याबद्दल वादच नाही, शंभर यार्डांवर एका नाण्याएवढ्या जागेत गोळ्या बसवायच्या तर तीच घ्यावी. स्वप्नील आणि तेजस्विनीबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, पण त्यांच्या खेळात ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथली रायफल, जॅकेट, श्वास, सगळी दुनियाच वेगळी. ते माप लष्करी रायफलला लावलं तर तुमची ड्रॅगुनोवसुद्धा नापास होईल, आणि ती नापास रायफल आहे असं तुम्ही स्वतः कधी म्हणणार नाही.

मला ही रायफल आवडते ती तिच्या स्कोपमुळं. एलपीएस नावाचा साधा चारपट स्कोप, डाव्या बाजूच्या पट्टीवर सरकवून बसवायचा. आत डावीकडं खाली एक आडवी रेघ आणि तिच्यावर उतरत जाणारी वक्र रेघ, तिच्यावर आकडे २, ४, ६, ८, १०. लक्ष्याचे पाय आडव्या रेघेवर टेकवायचे आणि रायफल हळूहळू बाजूला न्यायची, डोकं वक्र रेघेला जिथं टेकेल तो आकडा म्हणजे अंतर, शेकड्यात मीटर. हे १.७ मीटर उंचीच्या माणसाच्या हिशोबानं आखलंय, त्यामुळं रेंजवर तेवढ्या उंचीचा बोर्ड उभा केला की झालं. मग वरचा ड्रम त्या आकड्यावर फिरवायचा, मधल्या बाणाचं टोक लक्ष्यावर धरायचं आणि वारा असेल तर बाजूच्या बारीक खुणांवरून तेवढं सरकून मारायचं. लेझरचं यंत्र नाही, बॅटरी लागत नाही, मोबाईल ॲप नाही. तुम्ही ड्रॅगुनोवच्या पीएसओ स्कोपवर हेच शिकला असणार. इथली तरुण पोरं महागडी यंत्रं लावून येतात आणि हे बघितल्यावर रांग लावून डोळा लावून बघतात, मला त्याचा मनापासून आनंद होतो, कारण अंतर स्वतः ओळखायला शिकलं की नेमबाजीतलं अर्धं गणित सुटतं.

बघून घ्यायच्या गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत पण ग्रीन कार्डवाल्या वाचकांसाठी लिहितो. पुढची साइट आणि गॅस ब्लॉक तिरका तर नाही ना, स्कोपची पट्टी सरळ आहे का, रिव्हेट सैल नाहीत ना, नळी आतून गंजलीय का, आणि पहिली गोळी मारायच्या आधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि नळीत बसलेलं काडतूस यांच्यातलं अंतर) तपासून घ्या. बट बराच आखूड आहे, उंच माणसाला स्कोप भुवईला लागू शकतो. आणि घरी लहान मुलं असतील तर कुलपाचं कपाट आधी, रायफल नंतर. इथं रोज काय बातम्या येतात ते तुम्ही तिकडं बसून वाचता, तुमची काळजी मला कळते, यात मी कुणालाच सूट देत नाही.

राहिला काडतुसांचा प्रश्न. रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने अमेरिकेनं सप्टेंबर २०२१ पासून बंद केले हे खरंय, आणि ४४० काडतुसांचा तो सीलबंद पत्र्याचा डबा जो पूर्वी मातीमोल भावात यायचा तो जमाना गेला. पण हे काडतूस १८९१ पासून फौजांमध्ये चालू आहे, ते फक्त रशियाच बनवतो असं नाही, सर्बियाचं नवं येतं, जुनं पूर्व युरोपातलं सरप्लस अधूनमधून सापडतं. महाग पडतं, म्हणून मी कमी मारतो आणि प्रत्येक गोळीचं वहीत लिहून ठेवतो. वजनाचं मात्र पथ्य पाळा. १४८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची हलकी गोळीच वापरा, शिकारीची १८० ग्रेनची जड नको. ड्रॅगुनोवला गॅस कमी-जास्त करायची सोय असते, हिला नाही, जड काडतुसानं कॅरिअर मागच्या बाजूला जोरात आदळतो आणि पत्र्याचा रिसीव्हर हळूहळू मार खातो. जुन्या सरप्लसच्या कॅपमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, क्षार असतात, ते तेलानं निघत नाहीत, त्याला पाणीच लागतं. त्याच दिवशी नळीतून, गॅस ट्यूबमधून आणि पिस्टनवरून गरम पाणी सोडायचं, कोरडं पुसायचं, मग तेलाचा हात फिरवायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर दमट हवेत तांबूस डाग धरलेला दिसतोच.