ऊसतोडीचा कोयता : पाटा की डी-२? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

ऊसतोडीचा कोयता ट्रकच्या पाट्याचाच, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचाच, करून घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लातूरहून कळवलंत की हा सल्ला मागास आहे. डी-२ सारखं पोलाद ६० रॉकवेलपर्यंत (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) कडक होतं, धार कितीतरी जास्त टिकते, भंगारातल्या पाट्याची ग्रेड कुणालाच ठाऊक नसते, आणि मी तोडणी कामगारांना जुन्यातच अडकवून ठेवतोय. हे शेवटचं मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

डी-२ बद्दल तुमची माहिती बरोबर आहे. १.५ टक्क्याच्या आसपास कार्बन, १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. घासून ते सहजी झिजत नाही. पत्रा कापायच्या डाय त्याच्या करतात त्या याच गुणामुळे. पण फडात, म्हणजे उसाच्या शेतात, कोयता घासून खराब होत नाही, आपटून होतो. उसाच्या बुडख्यात साखर जास्त, म्हणून कारखान्याला जमिनीलगत तोड हवी असते. वाकून बुडाशी घाव घालायचा म्हणजे पातं मातीत जाणार, खड्यावर बसणार. तिथं कडक पोलादाचा टवका उडतो. डी-२ मधले क्रोमियमचे टणक कण धार टिकवतात खरे, पण घाव बसला की तडाही तिथूनच धरतो. पाट्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. त्याची धार अशा घावाला वळते, सहसा तुटत नाही. वळलेली धार माणूस बांधावर बसून कानशीनं सरळ करतो.

आणि माझ्या मते खरा निकाल कानशीवरच लागतो. कानस स्वतः साठीच्या पुढे कडक. ५०-५४ रॉकवेलच्या कोयत्याला ती चावते, ६० च्या डी-२ वरून बहुतेक घसरते. मग हिऱ्याची पट्टी शोधा, टवका काढायला ग्राइंडर शोधा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोद्याच्या तोडणी टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात उतरतात. तिथं कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, वीज असेलच असं नाही. मजुरी टनावर, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटायची तीही त्याच टनांतून. सकाळीच कोयता गेला तर त्या नवरा-बायकोचा दिवस गेला. ज्याच्या हातात पातं आहे त्याला ते स्वतः नीट करता आलं पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

ग्रेडचा तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण ट्रकच्या पाट्यांची पोलादं फार लांबच्या गोत्रातली नसतात. ईएन-४५ या ग्रेडमध्ये सिलिकॉन जास्त, एसयूपी-९ या ग्रेडमध्ये थोडं क्रोमियम. कार्बन दोन्हींत जवळपास सारखा आणि दोन्ही तेलात कडक होतात. शिवाय चांगला लोहार शिक्का वाचत नाही, पोलाद वाचतो. ग्राइंडरला लावून ठिणग्या बघतो: साध्या लोखंडाच्या लांब, सरळ जातात, कार्बन वाढला की त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. एक तुकडा लाल करून विझवतो, घणानं मोडतो आणि आतला कण तपासतो. बारीक, राखाडी असेल तर ठीक. भरड, चमचमता असेल तर जास्त तापलं. तुम्ही न लिहिलेला एक धोका मीच सांगतो. वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाशी. तो भाग घेऊच नये.

माझा राग आहे तो साध्या लोखंडाला रंग फासून विकलेल्या कोयत्यांवर. कार्बन ०.२५ टक्क्यांच्या आत असेल तर कितीही पाणी पाजा, म्हणजे तापवून विझवून कडक करायला बघा, धार धरत नाही. गरीब माणूस खरा फसतो तो इथं.

पाणी पाजणं पोलादाच्या नावापेक्षा मोठं आहे. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटायचं थांबतं. त्याच्या जरा पुढं नेऊन फक्त धारेची कड तेलात बुडवायची, पाठ मऊ राहू द्यायची, म्हणजे धक्का पाठ सोसते. मग कड घासून उजळ करायची आणि पुन्हा हळू तापवायची. आधी पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. कोयता निळ्यापर्यंत उतरवावा. पिवळ्यावरच सोडला तर पाट्याचाही टवका उडेल. हे रंग ओळखायचं कसब आपल्याकडच्या घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहारांच्या, कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यांच्यात घण मारायला बायाही असतात. नांदेडच्या पलीकडं, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमहून एकेकाळी इराणचे व्यापारी तलवारींसाठी पोलाद नेत. म्हणून भात्याजवळच्या विद्येला मागास म्हणताना जरा थांबा, एवढी विनंती. डी-२ ला हजार अंशांच्या वर, मोजून धरलेली उष्णता लागते. ती कोळशाच्या भट्टीत जमत नाही, हेही खरं.

स्वयंपाकघराचं वेगळं आहे. तिथं दगड नसतो, चिंच-लिंबू-कैरी असते आणि कार्बनचं पोलाद त्यानं काळं पडतं. घरी स्टेनलेसची सुरी घ्या, हौस असेल तर डी-२ सुद्धा घ्या.

तुमचे चुलते टोळीत जातात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कोयता द्यायचा असेल तर दसऱ्याच्या आधीच, घाई नसताना, त्यांनाच घेऊन लोहाराकडं जा. पाट्याचा टोकाकडचा तुकडा द्या, वजन आणि मूठ त्यांच्या हाताला ठरवू द्या. सोबत एक नवी, चांगली कानस घ्या, आणि ती कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायला सांगा. गंजलेली कानस चावत नाही.